फासातली लेकुरवाळी

नागपुरात वन्यप्राण्यांची डॉक्टर आहे म्हटलं की लोक वाघाचंच विचारतात. रोजच्या कामात वाघ क्वचित येतो. माकडं येतात, घारी-घुबडं येतात, संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजानं पंख कापलेले पक्षी तर एकामागून एक येत राहतात. उमरेड, कुही, भिवापूरकडून फोन आला तर तो बहुतेक वेळा रानडुकराचा असतो. कधी विहिरीत पडलेलं, कधी गावठी बॉम्ब चावून जबडा फुटलेलं, कधी फासात अडकलेलं.

तो फोनही संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातला. उमरेड तालुक्यातल्या एका गावाच्या शिवारात नाल्याच्या काठी रानडुक्कर फासात अडकलंय, जिवंत आहे, माणसं जमलीत, लवकर या. वनरक्षकाच्या आवाजावरूनच कळत होतं की त्याला भीती जनावराची नाही, जमलेल्या माणसांची वाटतेय.

आम्ही पोचलो तेव्हा धुकं विरत होतं. नाल्यापर्यंत जायला हरभऱ्याच्या वावरातून जावं लागलं, आणि त्या वावराबद्दल आधी सांगायला हवं. हरभरा घाट्यावर आला होता. पण धुऱ्यापासून आत, नांगरट अर्धवट सोडून द्यावी तशी जमीन जागोजाग उलटलेली. झाडं मुळासकट उपटलेली, घाटे चावून थुंकलेले. डुक्कर खातं त्याच्या कितीतरी पट तुडवतं. कडेला चार बांबूंवर माळा होता, खाली राखेचा ढीग आणि फटाक्यांचे कागद. बांधावर जुन्या साड्या बांधलेल्या. माणसाला जे जे सुचतं ते सगळं तिथं करून झालं होतं.

वावराचा मालक पन्नाशीचा, डोक्याला मफलर, डोळे तांबारलेले. मला पाहून हात जोडले आणि लगेच म्हणाला, "म्याडम, तुमी याले दुरुस्त करून सोडान, अन् उद्या ते माह्याच वावरात येईन. मंग मी का करू, सांगा ना जी."

मी म्हणाले, "दादा, आधी जनावर पाहू द्या."

फास मोटरसायकलच्या क्लच वायरचा होता. एक टोक बाभळीच्या बुंध्याला, दुसरं मागच्या उजव्या पायात, खुराच्या वर. मादी होती. रात्रभर फिरून फिरून तिनं बाभळीभोवतीची जमीन गोल खणून काढली होती. पोरं मोबाइल घेऊन पुढे सरकत होती आणि प्रत्येक पावलाला ती झेप घ्यायची, वायर ताणली जायची, ती आदळायची. पहिलं काम भूल देण्याचं नव्हतंच, माणसं मागे हटवण्याचं होतं. वनरक्षकानं ते केलं, जरा आरडाओरडा करूनच.

डुकराला डार्ट मारताना सुई लांब लागते. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. औषध त्या चरबीतच बसून राहिलं तर जनावर झोपत नाही, नुसतं भेलकांडत राहतं आणि जास्त धोकादायक होतं. झायलाझिन-केटामाइन हे भुलीचं औषध भरलं, कानामागे मान दिसेपर्यंत थांबले आणि मारलं. काही मिनिटांत ती डोलू लागली, बसली, आडवी झाली. डोळ्यांत मलम घालून वर फडकं टाकलं.

वायर दिसतच नव्हती. सूज इतकी होती की बोटांनी चाचपून ती शोधावी लागली, मग कटरचं टोक आत घालून तोडली. फासाखालचा भाग गार होता. तिथं सुई टोचली. लालभडक रक्ताचा थेंब वर आला. तो आला नसता, तर पुढचा वाद उद्भवलाच नसता. पाय मेलेला असता, मी तिथंच तिला कायमचं झोपवलं असतं आणि ते योग्यच ठरलं असतं. पण पाय जिवंत होता. हाड शाबूत होतं.

जखम धुताना माझं लक्ष पोटाकडे गेलं. सात सड भरलेले, तटतटलेले. बाकीचे बारीक, सुकलेले. डुकराच्या पिल्लांची एक पद्धत असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत प्रत्येक पिल्लू आपला सड ठरवून घेतं आणि दूध तुटेपर्यंत त्याच सडाला लागतं. ज्याला कोणी तोंड लावत नाही तो सड आटून जातो. म्हणजे सात पिल्लं होती. रात्रीपासून उपाशी, पलीकडच्या तुरीत किंवा नाल्याच्या झुडपात कुठेतरी गप्प पडलेली. मी वनरक्षकाला दाखवलं. तोपर्यंत मालकही जवळ येऊन वाकून पाहत होता. गाई-म्हशी पाळणारा माणूस, त्याला समजवावं लागलं नाही. "लेकुरवाळी हाय," एवढंच बोलला. मग थोडं थांबून म्हणाला, "म्हंजे आनखी सात."

आता काय करायचं? तिला गाडीत घालून दूर जंगलात सोडलं तर गाव खूश, पण पिल्लं भुकेनं आणि थंडीनं मरणार. कळपातल्या दुसऱ्या माद्या कधी कधी एकमेकींच्या पिल्लांना पाजतात, पण त्या अंगावर दूध असलेल्या असतील तर. तिला मारलं तरी पिल्लांचं तेच होणार. इथंच सोडलं तर ती याच नाल्यात राहणार आणि याच हरभऱ्यात येणार. या तिन्हींत मालकाला न दुखावणारा आणि जनावराला न छळणारा असा रस्ता नव्हताच.

मालकाचा मुलगा, कॉलेजात जाणारा, मोबाइल पुढे करून म्हणाला, "मॅडम, हे पाहा. अमेरिकेत हेलिकॉप्टरमधून मारतात. कोणी काही बोलत नाही. आपल्याकडेच का एवढं?"

व्हिडिओ टेक्सासचा होता. त्याचा प्रश्न खरा होता, म्हणून मादीवर नजर ठेवत तिथंच उत्तर दिलं. अमेरिकेत डुक्कर मुळात नव्हतंच. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून पाळीव डुकरं नेली, त्यातली सुटली. पुढे शिकारीसाठी युरोपातली रानडुकरंही आणून सोडली, आणि दोघांची पैदास एकत्र झाली. तिथल्या जंगलाला तो प्राणी उपरा आहे. टेक्सासनं २०११ साली पैसे भरून हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायची मुभा दिली. इतकं करूनही डुकरं हटलेली नाहीत. तिथले तज्ज्ञ सांगतात की संख्या नुसती आहे तिथं रोखायला दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात. दोन-चार मारली की कळप फुटतो, हुशार होतो, रात्री फिरू लागतो. शिवाय शिकारीची हौस भागवायला माणसंच नवी डुकरं ट्रकनं नेऊन नव्या भागात सोडत होती. मिझुरी राज्यानं तर आपल्या संवर्धन क्षेत्रांत हौशी शिकाऱ्यांना डुक्कर मारायला मनाई केली. तिथं आता अख्खा कळप एकदम कोंडेल असे मोठे पिंजरे लावण्यावर भर आहे.

"आणि आपल्याकडे?" त्यानं विचारलं.

आपल्याकडे हे जनावर इथलंच आहे. रामटेकच्या गडावर वाकाटकांच्या काळातला भलामोठा दगडी वराह उभा आहे. हा प्राणी या मुलखाला किती जुना ओळखीचा आहे हे समजायला तेवढं पुरे. चितळ-सांबरासारखंच रानडुक्कर वाघाचं अन्न आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला वाघ जगतो त्यात याचा वाटा आहे. उपऱ्या प्राण्याच्या बाबतीत 'समूळ काढा' असं निदान म्हणता तरी येतं, त्यालाही वेदना होतात हे विसरायचं नाही, पण म्हणता येतं. आपल्याच प्राण्याच्या बाबतीत ते म्हणता येत नाही. त्याला कुठं आणि किती राहू द्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. आणि वाघासाठी डुक्कर हवं असेल तर डुकराचा खर्च एकट्या कास्तकाराच्या हरभऱ्यातून वसूल करायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. वाघ बघायला जिप्सीत बसून येणारा माणूस त्या हरभऱ्याचा एक रुपया भरत नाही.

मी मारण्याच्या विरोधात नाही, हे इथं स्पष्ट लिहिते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या कलम ११ खाली उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारायची परवानगी देता येते. २०२२ च्या दुरुस्तीनं रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत गेलं, तरी ती वाट उघडी आहे. परवान्यावर मारलेल्या डुकरांची तपासणी मी केली आहे. बंदूक चालवणारा जाणता असेल तर जनावराला काही कळायच्या आत संपतं. कोण मारतंय, काय मारतंय, कशासाठी, सगळं कागदावर असतं. माझं भांडण वायरशी आहे. फास रात्रभर, कधी दोन-दोन दिवस मारत राहतो. त्याला डुक्कर आणि बिबट यातला फरक कळत नाही, लेकुरवाळी कळत नाही. लाइनवरून थेट वीज सोडलेली तार तर त्याहून वाईट. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीडकडे 'श्रीनिवास' वाघ गेला, उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय' वाघाचा बछडा. डुकरांसाठी वावरात सोडलेल्या विजेनं. त्याला तिथंच पुरून टाकलं होतं. अशा तारांना माणसंही चिकटून मेलीत, जागलीला निघालेली, शेजारच्याच वावरातली.

हे मी बोलले तेव्हा मालकानं शांतपणे विचारलं, "परवान्याचा अर्ज मीबी केला व्हता. बंदूक कोनाकडं हाय गावात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. परवानगी मिळते, बंदुकीचा परवाना असलेला माणूस मिळत नाही. मिळालाच तर त्याचा येण्या-जाण्याचा, राहण्याचा खर्च कोणी करायचा? मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता, ते खाता येत नाही, विल्हेवाट लावावी लागते. कागदावरची वाट गावात येईपर्यंत बुजून जाते, आणि तिथं क्लच वायर उगवते. ती त्या बाभळीला कोणी बांधली हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. फास लावणं ही कायद्यानं शिकारच आहे, गुन्हा नोंदला गेला, तपास खात्याचा. मी त्यात शिरले नाही.

परिक्षेत्र अधिकाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, वैद्यकीय निर्णय तुमचा." मग मी एक गोष्ट त्यांच्याशी मोकळेपणानं बोलले. नियंत्रणाच्या हिशेबानं पाहिलं तर मारायची मादीच असते. सुळेवाला एकलगा, म्हणजे एकटा फिरणारा नर, मारून फोटो चांगला येतो, संख्या कमी होत नाही. म्हणजे कोणी उद्या मला विचारलं की समोर आलेली मादी सोडली कशी, तर प्रश्न रास्त आहे. पण एका मादीनं या शिवारातला कळप कमी होणार नव्हता, आणि सात पिल्लं दोन-तीन दिवस तडफडून मरणार होती, हे मात्र नक्की होतं. ठरवून, मोजून, कळप पाहून कमी करायचं असेल तर खात्यानं करावं, मी सोबत येईन. फासात सापडली म्हणून मारायची, हे नियंत्रण नव्हे. "इथंच सोडते," मी म्हणाले, "पण तलाठी आणि कृषी सहायक आज इथं आले पाहिजेत. पंचनामा आजचा आज." ते हो म्हणाले आणि त्यांनी शब्द पाळला.

अँटिबायोटिक दिलं, दुखण्यावर मेलॉक्झिकॅम दिलं, जखमेत औषध भरलं. चौघांनी ताडपत्रीवरून तिला नाल्याच्या उतारावर, झुडपांच्या तोंडाशी नेलं. ताडपत्रीचं एक टोक मालकानं धरलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. भुलीवरचा उतारा टोचून आम्ही मागे आलो. ती उठली, पडली, परत उठली, आणि उजवा पाय टेकत-न टेकत झुडपात शिरली. काही वेळानं आतून हलकं, तुटक गुरगुरणं ऐकू आलं. पाजायला बोलावताना डुकरीण असाच आवाज काढते.

दुपारी पंचनामा झाला. कृषी सहायक बाई चिखलात उतरून टेप धरत होत्या. तुडवलेला भाग मोजायचा की फक्त खाल्लेला, यावर तलाठ्याशी त्यांची चांगलीच जुंपली आणि तुडवलेला भागही धरला गेला. तोवर वनरक्षकानं नाल्याच्या काठानं फिरून आणखी फास काढून आणले. एकात गावातल्याच कोणाच्या तरी कुत्र्याचा पट्टा अडकलेला होता. मालक तो पट्टा हातात घेऊन बराच वेळ पाहत होता. निघताना मला म्हणाला, "पैसे आले तर बरंच हाय. पन ते पिल्लं मोठे होतीन, तवा तुमी पुना या."

फाल्गुनात त्याच्या मुलाचा फोन आला. नाल्याला लागून असलेल्या वावरवाल्यांनी मिळून सौर कुंपणासाठी अर्ज केला होता. एकट्यानं लावलं तर डुकरं शेजाऱ्याकडे वळतात आणि भांडणं लागतात, हे त्यांचं त्यांनाच पटलं होतं. त्याला विचारायचं होतं, झटका मशीननं जनावर मरतं का. मी सांगितलं, नाही. मशीन बॅटरीवर चालतं, क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं, डुक्कर दचकून मागे फिरतं. फक्त खालची तार जमिनीपासून वीतभरावर ठेव, नाहीतर ते मुसंडी मारून खालून शिरतं. तारेखालचं गवत कापत राहा, गवत लागलं की झटका उतरतो. आणि मशीन बंद पडलं, बॅटरी गेली, काहीही झालं, तरी तार खांबावरच्या लाइनला जोडायची नाही. हे शेवटचं मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, आणि मग त्याच्या वडिलांना फोनवर बोलावून त्यांच्याकडूनही.