डर्बी सिटी क्लासिक: आधी मुक्काम ठरवा, मग खेळाडू

वेळापत्रक बघून कुणा खेळाडूसाठी डर्बी सिटी क्लासिक या अमेरिकेतल्या पूलच्या (स्नूकरसारख्या टेबलावरच्या खेळाच्या) स्पर्धेचं तिकीट काढू नका. पहिल्यांदा जाणारे हमखास इथेच फसतात. छापील कागदावर ‘वन पॉकेट, तिसरी फेरी’ आणि एक वेळ एवढंच असतं. शेन व्हॅन बोनिंग किंवा फेडोर गोर्स्टसारखा नामवंत खेळाडू कुठल्या टेबलावर आणि कधी उतरणार हे त्या फेरीच्या चिठ्ठ्या निघेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. स्नूकरच्या स्पर्धेत ड्रॉ आधी लागतो आणि आपण उपांत्यपूर्व फेरीपर्यंतचा हिशोब मांडून बसतो. तो हिशोब इथे चालत नाही.

ओळख थोडक्यात. ही स्पर्धा १९९९ पासून होते. जानेवारीच्या शेवटाला सलग नऊ दिवस चालते. नावात केंटकीतल्या लुइव्हिलची डर्बी (घोड्यांची शर्यत) असली तरी सध्या ती भरते ओहायो नदीच्या पलीकडे, इंडियाना राज्यातल्या एलिझाबेथ या छोट्या गावाजवळच्या सीझर्स सदर्न इंडियाना या कॅसिनो-हॉटेलात. तीन मुख्य प्रकार असतात: बँक पूल, वन पॉकेट आणि नाइन-बॉल. जोडीला १० फुटी टेबलावरची निमंत्रितांची टेन-बॉल स्पर्धा आणि स्ट्रेट पूलच्या मोठ्या रनची (न चुकता सलग बॉल घालण्याची) चढाओढ. तिन्ही मुख्य प्रकारांत मिळून जो सर्वांत सरस ठरतो त्याला ‘मास्टर ऑफ द टेबल’ म्हणतात. एफ्रेन रेयेसनं हा मान एकापेक्षा जास्त वेळा मिळवला आहे.

आता घोळ कुठून होतो ते बघा, कारण मुक्काम, गाडी आणि झोप हे सगळं त्यावरच ठरतं. प्रत्येक फेरी संपली की उरलेल्यांच्या चिठ्ठ्या नव्यानं काढतात. त्यात बायबॅक आहे: पहिल्यांदा हरलेला खेळाडू पैसे भरून त्याच प्रकारात परत येतो, दुसऱ्यांदा हरला की बाहेर. म्हणजे संध्याकाळी हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळताना दिसला तर चक्रावू नका. तिसरी गोष्ट सर्वांत त्रासाची. प्रकार एकमेकांवर चढतात. एक खेळाडू वन पॉकेटच्या शेवटच्या फेऱ्यांत असतानाच नाइन-बॉलच्या सुरुवातीच्या फेऱ्याही खेळत असतो. वन पॉकेटचा एक रॅक, म्हणजे एक डाव, तासभर रेंगाळू शकतो. तो संपेपर्यंत त्या खेळाडूचा नाइन-बॉलचा सामना थांबतो, फेरी पुरी होत नाही, पुढच्या चिठ्ठ्या निघत नाहीत. असा उशीर दिवसभर साचत जातो आणि बघण्यासारखे सामने मध्यरात्रीकडे सरकतात. यात आयोजकांचा ढिसाळपणा नाही, स्पर्धेची रचनाच तशी आहे. बदलायचं आपल्यालाच आहे.

म्हणून दिवस असा लावा. सकाळी लवकर जाण्यात काही अर्थ नाही. दुपारी पोटभर जेवून जा. फेरीची यादी टेबल क्रमांकासह लागली की मोबाईलवर तिचा फोटो काढा, त्यातले तीन सामने निवडा आणि तिन्ही टेबलं कुठे आहेत ते आधी चालून बघा. हॉलमध्ये टेबलांच्या रांगाच्या रांगा असतात आणि क्रमांक शोधण्यात पहिला रॅक हातचा जातो. कॅमेऱ्यासमोरच्या टेबलाभोवती बसायला पायऱ्या असतात, गर्दी तिथेच लोटते. माझं स्पष्ट मत: पहिल्या चार दिवसांत तिकडे फिरकूही नका. तेच खेळाडू बाहेरच्या रांगांत तुमच्यापासून सहा फुटांवर खेळत असतात. क्यू बॉलवर (पांढऱ्या बॉलवर) काठीची टिप कुठे लागली, हातातला क्यू, म्हणजे ती काठी, किती सैल आहे, हे तिथून नीट दिसतं.

सर्वांत आधी काय बघायचं? वन पॉकेट. नाइन-बॉल घरी बसून स्क्रीनवरही कळतो, वन पॉकेट कळत नाही. सुरुवातीला बॉल रचून ठेवतात त्या टोकाची दोन कोपऱ्यातली पॉकेटं, एक याचं आणि एक त्याचं. स्वतःच्या पॉकेटात आधी आठ बॉल घालेल त्याचा रॅक. फाउल झाला तर आधी मिळवलेला एक बॉल परत टेबलावर ठेवावा लागतो. ब्रेकला जोर नसतो. क्यू बॉल रचलेल्या बॉलांना कडेनं घासून जातो, दोन-तीन बॉल ब्रेक करणाऱ्याच्या पॉकेटाकडे सरकतात आणि क्यू बॉल टेबलाच्या लांब कडेच्या कुशनला जाऊन चिकटतो. समोरच्याला तिथून सरळ शॉट नसतो. तो वाकतो, उठतो, टेबलाला पूर्ण फेरी मारतो आणि शेवटी एक बॉल हळूच ढकलून स्वतःची वाट बंद करून घेतो. पाऊण तास हेच चालतं आणि मग अचानक कुणीतरी एका दमात सहा बॉल काढतो. बसायला त्या दोन पॉकेटांच्या टोकाकडची जागा घ्या. दुसऱ्या टोकाकडून बॉलमधल्या फटी दिसत नाहीत आणि सगळी मजा त्या फटींतच आहे.

बँक पूल समजायला सोपा. प्रत्येक बॉल किमान एका कुशनवरून यायलाच हवा, वाटेत दुसऱ्या बॉलला घासला तर मोजत नाहीत. रॅक नऊ बॉलांचा, पाच आधी घातले की जिंकला. पहिले दोन दिवस बहुतेक हेच असतं. छान जातात, त्याबद्दल जास्त काही सांगायला नको.

आता रस्ता. यावर मी जरा लांब लिहिणार आहे, कारण आधी वाचलेल्या कुठल्याही माहितीत हे धड सांगितलेलं नव्हतं. ‘लुइव्हिलपासून अर्धा तास’ हे वाक्य सगळीकडे सापडतं. दुपारी, कोरड्या रस्त्यावर ते खरं आहे. न्यू अल्बनीपर्यंत महामार्ग आहे, तिथून पुढे राज्य मार्ग १११ नदीच्या कडेनं दक्षिणेला जातो. दुपदरी, मध्ये दुभाजक नाही, गावठाण संपलं की दिवे नाहीत. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला नदीकडचा सखल भाग. जानेवारीत रात्री तापमान शून्याखाली जातं. दिवसा वितळलेलं पाणी रात्री रस्त्यावर गोठतं आणि तो काचेसारखा थर हेडलाइटमध्ये दिसत नाही. हरणं आडवी येतात, एकामागे दुसरं असतंच. समोरून येणाऱ्याचा दिवसही तुमच्याइतकाच लांबलेला असतो, वर त्यानं कदाचित दारूही घेतलेली असते. नदीला पाणी चढलं की याच रस्त्याचे काही भाग पाण्याखाली जातात, म्हणून निघण्याआधी आठवडाभर ओहायोच्या पातळीवर लक्ष ठेवा. मुंबई-पुण्याच्या घाटात गाडी चालवणाऱ्याला वाटेल की यात काय मोठं. बर्फावर गाडी चालवलेली नसेल तर रात्री दोन वाजता हा रस्ता धरू नका. इथे अनुभवापेक्षा टायर आणि नशीब जास्त कामाला येतात.

टॅक्सीचा पर्याय दिवसा ठीक. रात्री शहरापासून इतक्या लांब ॲपवर गाडी मिळेल याची खात्री धरू नका, मिळाली तरी भाडं चढलेलं असतं. बस-ट्रेनचा विचारच करायला नको.

म्हणून मुक्काम कॅसिनोच्या हॉटेलातच करा. महाग पडला तर नऊ दिवसांऐवजी पाच दिवस जा, पण तिथेच राहा. स्पर्धेसाठी सवलतीच्या दरानं ठेवलेल्या खोल्या लवकर संपतात, त्यामुळे तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात बुकिंग करा आणि रद्द करण्याची मुदत लिहून ठेवा. दर विचारताना कर आणि रोजचा रिसॉर्ट शुल्काचा आकडा मिळवून अंतिम रक्कम विचारा. शनिवार-रविवारची रात्र कशी वेगळी पडते तेही विचारा, सरासरी दरात ते झाकलं जातं. खोली मिळालीच नाही तर न्यू अल्बनीत राहा. कोरिडॉन हे गाव टुमदार आहे, इंडियानाची पहिली राजधानी तिथेच होती, पण तिथून येणारा रस्ता टेकड्यांतून वळणं घेत येतो आणि रात्री तोही वाईटच. नदीच्या इंडियानाकडच्या काठावरच जेफरसनव्हिल आणि क्लार्क्सव्हिल आहेत. तिथली हॉटेलं स्वस्त दिसतात, पण तिथे टोलचा सापळा आहे.

सापळा असा. लुइव्हिलहून इंडियानात जाणाऱ्या पुलांपैकी महामार्ग ६५ चे पूल टोलचे आहेत. टोलनाका नाही, गाडी थांबवत नाहीत, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि मोकळा होतो. टोल काही डॉलरांचाच. पण गाडी भाड्याची असेल तर बिल कंपनीकडे जातं आणि ती त्यावर स्वतःचं ‘सेवा शुल्क’ लावते. काही कंपन्या ते टोल लागलेल्या दिवसापुरतं न लावता गाडी तुमच्याकडे आहे तेवढ्या सगळ्या दिवसांचं लावतात. घरी परतल्यावर कार्डावर रक्कम कापलेली दिसते. ही सरळसरळ लूट आहे आणि ती टाळणं अगदी सोपं आहे. विमानतळावरून महामार्ग २६४ नं पश्चिमेकडे निघा, पुढे महामार्ग ६४ धरा आणि शर्मन मिंटन पुलावरून न्यू अल्बनीत उतरा. या पुलाला टोल नाही. नकाशाच्या ॲपमध्ये ‘टोल टाळा’ हा पर्याय गाडी सुरू करण्याआधी लावा. भाड्याच्या काउंटरवर टोलची ‘सोय’ पुढे केली तर नाही म्हणा आणि करारावर ती खरोखर काढली आहे का ते सही करण्याआधी वाचा.

विमान: भारतातून लुइव्हिलला थेट विमान नाही, अमेरिकेत एकदा तरी बदलावं लागतं. शिकागोमार्गे गेलात तर जानेवारीच्या बर्फासाठी जोडविमानात किमान चार तास ठेवा, कारण इमिग्रेशन आणि सामान पुन्हा जमा करणं तिथेच होतं. सिनसिनाटी किंवा इंडियानापोलिसला राहणारे आपले मराठी लोक गाडीनं येऊ शकतात, साधारण दोन तास धरा, पण परतीचा प्रवास उजेडीच करा.

क्यू नेणार असाल तर तो हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनमध्येच द्यावा लागतो. दोन तुकड्यांचा क्यू कडक केसमध्ये, केस मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध. जुन्या क्यूला हस्तिदंताची फेरुल (टिपेखालची कडी) किंवा नक्षी असेल तर तो घरीच ठेवा, सीमेवर जप्त होऊ शकतो. तिथे पोचल्यावर क्यू गाडीच्या डिकीत रात्रभर ठेवू नका. गोठलेल्या डिकीतून हीटर लावलेल्या कोरड्या खोलीत आलेला लाकडी शाफ्ट वाकतो आणि मग सरळ होत नाही.

नाव नोंदवून खेळायचं का? स्पर्धा खुली आहे, प्रत्येक प्रकाराची फी वेगळी, आणि चिठ्ठीत पहिल्याच फेरीला विश्वविजेता समोर येऊ शकतो. एक प्रकार जरूर खेळा, तोही बँक किंवा नाइन-बॉल. तिन्ही खेळलात तर बघायला वेळच उरणार नाही, कारण तुमच्या नावाची वाट बघण्यातच दिवस जातो. टेबलं डायमंडची, ९ फुटी, वर नवं सायमोनिस कापड. नव्या कापडावर बॉल घसरतो आणि बँक शॉट आपल्या अंदाजापेक्षा वेगळा बसतो. सरावाचा पहिला अर्धा तास फक्त एका कुशनचे बँक मारा, पॉटिंग नको. बक्षीस मिळालंच तर परदेशी खेळाडूच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापतात. व्हिसा काढताना स्पर्धेत खेळणार असल्याचं लपवू नका. केवळ बक्षिसाच्या रकमेसाठी स्पर्धेत उतरणं बी-१ या व्हिसात बसतं.

रात्री सरावाच्या टेबलांवर पैशांचे सामने चालतात आणि त्यांना मोठी गर्दी असते. बघा जरूर, काही वेळा मुख्य हॉलपेक्षा चांगला खेळ तिथे होतो. पैज लावू नका, आणि अनोळखी माणसानं हँडिकॅप (कमकुवत खेळाडूला दिलेली आघाडी) देऊ केला तर मुळीच खेळू नका. तुम्ही किती खेळता हे त्यानं दुपारीच बघून ठेवलेलं असतं. खेळ चालू असताना शॉटच्या रेषेत उभं राहायचं नाही, मोबाईलचा फ्लॅश बंद. बाकी जिमखान्यातल्यासारखी शांतता तिथे कुणी पाळत नाही, आणि ते चांगलंच आहे.

जेवण सुमार आणि महाग, शाकाहारी माणसाचे जास्तच हाल. छापील किमतीवर इंडियानाचा ७ टक्के विक्रीकर आणि वर टिप धरा. लुइव्हिलमध्ये भारतीय किराणा दुकानं आहेत, येतानाच सामान भरून घ्या. खोलीत मायक्रोवेव्ह आहे का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. कॅसिनोच्या भागात सिगारेट ओढायला परवानगी आहे, दम्याचा त्रास असेल तर पंप खिशात ठेवा. २१ वर्षांखालच्यांना जुगाराच्या भागात प्रवेश नाही, मुलं बरोबर असतील तर हॉलकडे जायची दुसरी वाट आधी विचारून ठेवा. ओळख म्हणून पासपोर्टच जवळ बाळगा.

शेवटच्या दिवशी नाइन-बॉलच्या उरलेल्या फेऱ्या आणि अंतिम सामना असतो. त्याची वेळ दुपारची लिहिलेली असली तरी ती किती वाजता सुरू होईल हे आदल्या रात्रीच्या उशिरावर अवलंबून असतं. त्या संध्याकाळचं परतीचं विमान घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं घ्या, आणि गाडी परत करण्याआधी टोलची नोंद आहे का ते काउंटरवरच विचारून लेखी घ्या.