लुईसचा पाऊस आणि पायाने चालणारा माग

ग्लासगोत ऑक्टोबरमध्ये शाळांना आठवडाभर सुट्टी असते. इथली आपली बहुतेक मंडळी तेव्हा ऊन शोधत स्पेन नाहीतर तुर्कस्तान गाठतात. आम्ही या वर्षी स्कॉटलंडच्या वायव्येला, लुईस बेटावर गेलो. कारण माझ्या सासूबाई, म्हणजे आई, इचलकरंजीहून आल्या होत्या आणि हॅरिस ट्वीडचं लोकरी कापड तिथे घरोघरी विणतात हे त्यांच्या मुलानं त्यांना सांगून ठेवलं होतं. एडिंबराचा किल्ला बघायचा का, तर नको. माग बघायचे.

ग्लासगोहून गाडीने उल्लापूलपर्यंत जायचं, गाडी बोटीत घालायची आणि पावणेतीन तासांनी बेटावरच्या मुख्य गावात, स्टॉर्नोवेला उतरायचं. लुईस आणि हॅरिस अशी दोन नावं असली तरी जमीन सलग एकच आहे. ब्रिटन आणि आयर्लंड सोडले तर या भागातलं सगळ्यात मोठं बेट हेच, आणि वस्ती मात्र वीस हजारांच्या आसपास. ऑक्टोबरात समुद्र खवळलेला असतो, वाऱ्यामुळे बोट रद्द होऊ शकते. म्हणून जाणाऱ्यांनी परतीच्या पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा.

पावसाचं सांगते. मिलिमीटरमध्ये मोजलं तर मुंबईला चार महिन्यांत जेवढा पडतो तेवढा स्टॉर्नोवेला वर्षभरातही पडत नाही. तिथला वर्षाचा आकडा साधारण 1,200 मिमी आहे. पण हा पाऊस वर्षभर पुरवून पुरवून पडतो, आणि तोही आडवा. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यात छत्री उघडायची सोयच नाही. दहा मिनिटं बारीक भुरभुर, मग लख्ख ऊन, मग इंद्रधनुष्य, पुन्हा भुरभुर. गावातली माणसं त्यातूनच कुत्री फिरवतात, कपडेही वाळत घालतात. आमच्या लेकीनं दुसऱ्या दिवसापासून टोपी काढूनच टाकली.

आर्नोल गावात एक जुनं घर जपून ठेवलंय. जाड दगडी भिंती, गवताचं छप्पर, धुराडं नाही, मधोमध पीटचा विस्तव. एकाच छपराखाली इकडे माणसं, तिकडे गुरं. 1966 पर्यंत तिथे माणसं राहत होती. पीट म्हणजे हजारो वर्षं ओल्या जमिनीत साचून दबलेला झाडपाला. उन्हाळ्याच्या तोंडाला तो विटांसारखा कापून वाळवतात आणि जाळतात. घराबाहेर त्याची रास बघून आई म्हणाल्या, "शेणीचा हुडवाच की हा!" धुरानं काळं झालेलं छपराचं गवत शेतात खत म्हणून घालत, हे ऐकल्यावर तर त्यांना ते घर आपलंच वाटायला लागलं.

पण आईंचा जीव अडकला होता मागात. आम्ही उतरलो होतो तिथल्या बाईंनी शेजारच्या गावातल्या एका विणकराला फोन करून ठेवला होता. साठीच्या पुढचे गृहस्थ, घरामागे पत्र्याची शेड. दार उघडलं आणि खटाखट आवाज कानावर आला, तशा आई उंबऱ्यातच थांबल्या. इचलकरंजीत 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आला. आमच्या घरातही पुढे चार माग होते आणि त्या आवाजात आईंची चाळीस वर्षं गेली. काही वर्षांपूर्वी ते माग भंगारात, किलोवर विकले गेले. त्या दिवशी आई जेवल्या नव्हत्या, हे मला नवऱ्यानं सांगितलेलं.

आता त्या सरळ मागाजवळ गेल्या, वाकून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "मोटर कुठं हाय ह्याला?"

मोटर नव्हतीच. गृहस्थ सायकल मारावी तसे दोन्ही पायांनी पायट्या मारत होते आणि त्यावर अख्खा माग चालत होता. ब्रिटिश संसदेचा 1993 चा कायदाच आहे: हॅरिस ट्वीड म्हणायचं असेल तर लोकर याच बेटांवर रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड बेटावरच्या माणसानं स्वतःच्या घरी, हातमागावर विणलेलं हवं. मोटर लावली की शिक्का नाही. मग नवऱ्याला दुभाषा करून आईंची चौकशी सुरू झाली. सूत कोणाचं? गिरणीचं. ताण्याचे बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचे रूळ, कोण भरून देतं? गिरणी. तयार कापड कोण नेतं? गिरणीच, धुऊन-तपासून पुढे पाठवायला. "म्हंजे खर्चीवाला हाय हा," आई म्हणाल्या. खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणणारा. मग पीक (इंचाला आडवे धागे) किती, मजुरी मीटरवर की पिकावर, एका दिवसात किती निघतं. धागा तुटला तेव्हा गृहस्थांनी माग थांबवला, आणि त्यांचा हात पोचायच्या आत आईंनी दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारली. बोटांचा तो एकच वळसा. गृहस्थांनी गाठ निरखून बघितली आणि मान डोलावली. नंतर चहा झाला, बिस्किटं झाली, आणि आमची स्टॉर्नोवेला जायची वेळ टळून गेली.

स्टॉर्नोवेच्या बंदरासमोर ल्यूज कासल हा मोठा वाडा आहे. 1844 मध्ये हे बेट विकत घेणाऱ्या जेम्स मॅथेसनने तो बांधला. पैसा अफूचा. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि मुंबईतून त्याच्या कंपनीशी हा व्यापार करणारे सगळ्यात मोठे व्यापारी होते जमशेटजी जीजीभॉय. आमच्या घरातली दोन बाळंतपणं त्यांच्याच नावाच्या जे. जे. हॉस्पिटलात झालीत. त्या वाड्यासमोर उभं राहून ते आठवलं आणि मन जड झालं. मॅथेसनच्याच काळात, 1851 ते 1855 मध्ये, दोन हजारांहून अधिक गरीब बेटकरी कॅनडाला रवाना केले गेले.

1918 मध्ये बेट विकत घेतलं सनलाइट साबणवाल्या लीव्हरने. हो, आपल्या मोरीतला सनलाइट. त्याला इथे मासळीचे कारखाने काढायचे होते, पगारी नोकऱ्या द्यायच्या होत्या. लोकांना मात्र लढाईवर जाताना कबूल केलेली जमीन हवी होती. 1 जानेवारी 1919 च्या पहाटे घरी परतणाऱ्या नौसैनिकांची बोट याच बंदराच्या तोंडाशी खडकावर फुटली आणि 201 माणसं घरापासून हाकेच्या अंतरावर बुडाली. त्यातून उरलेल्यांना पगार नको होता, शेत हवं होतं. त्यांनी जमिनींवर ताबे घेतले, लीव्हरने हात टेकले, आणि 1923 मध्ये स्टॉर्नोवे परिसर लोकांच्या ट्रस्टला देऊन टाकला. आजही ट्रस्टी लोकच निवडून देतात. मला या माणसांचा फार अभिमान वाटला. माग घरात आणि शेत आपलं, एवढंच धरून बसले, आणि ते त्यांच्याकडे राहिलं.

रविवारी गाव जवळजवळ बंद असतं, लोक चर्चला जातात. आम्ही कॅलनिशला उभे दगड बघून आलो. पाच हजार वर्षांपूर्वी उभारलेले, आणि ज्या खडकाचे ते आहेत तो सुमारे तीन अब्ज वर्षांचा. आम्ही गेलो तेव्हा तिकीट नव्हतं, थेट दगडांपाशी जाऊन हात लावून बघता आलं.

रात्री आईंनी मामंजींना फोन लावला. समुद्र नाही, दगड नाहीत, अर्धा तास फक्त मागाचं बोलणं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याची पोरं बसत्यात का मागावर?"

"पोरगा ग्लासगोला हाय," आई म्हणाल्या. "सून बसतीया."