तुम्ही विचारलंत म्हणून: सिगारेट सुटली, मग व्हेपनं घसा का धरतो?

"सिगारेट सोडून व्हेप सुरू केली. आता घसा खवखवतो, तोंड सारखं कोरडं पडतं, रात्री झोप लागत नाही. ते लिक्विड सोसत नसेल का? मग त्यापेक्षा सिगारेटच बरी नव्हती का?" हे मला वरचेवर विचारलं जातं, कारण मी याच वाटेनं, म्हणजे व्हेप (ई-सिगारेट) ओढून, सिगारेटमधून बाहेर पडले आणि ते कुणापासून लपवलं नाही. मी डॉक्टर नाही. पण मलाही हे लिक्विड सोसलं नव्हतं, आणि कारण सापडेपर्यंत मी त्याचा पिच्छा सोडला नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, सिगारेट बरी नव्हती. तंबाखू जळतो तेव्हा डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. व्हेपमध्ये लिक्विड, म्हणजे निकोटीन आणि फ्लेवर मिसळलेला द्रव, तापून त्याची वाफ होते, तो जळत नाही. म्हणून ती निर्धोक ठरत नाही, आणि ज्यानं कधी सिगारेट ओढलेली नाही त्यानं तिच्या वाटेला जाऊच नये. पण घसा खवखवतो म्हणून पुन्हा धुराकडे वळणं फार महागात पडतं.

आता त्रासाकडे येते. त्यातला बराचसा लिक्विडचा नसतोच, तो सिगारेट सुटल्याचा असतो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला कफ वर ढकलणारे अतिसूक्ष्म केस असतात. धुरानं ते लुळे पडतात. धूर थांबला की ते पुन्हा कामाला लागतात आणि काही दिवस खोकला उलट वाढतो. तोंड येतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. तलफेचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण, आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक सगळं निवळतं.

कॅफीनबद्दल मात्र जवळजवळ कुणीच सांगत नाही. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला जोरात कामाला लावतात आणि ते कॅफीन भराभर मोडून टाकतं. हे काम धुराचं, निकोटीनचं नव्हे. त्यामुळे व्हेपवर आल्यावर काही दिवसांत तो वेग उतरतो, आणि रोजच्याच चहा-कॉफीतून रक्तात उरणारं कॅफीन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. छातीत धडधड, हाताला कंप, उडालेली झोप. दोष लिक्विडला दिला जातो आणि कप तेवढेच राहतात. आधी ते निम्मे करून पाहा. दम्यासाठीचं थिओफिलिन, मानसिक आजारांसाठीची क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधंही याच एन्झाइमवर अवलंबून असतात. ती घेत असाल तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, कारण डोस बदलावा लागू शकतो.

एवढं वजा केल्यावर जे उरतं ते लिक्विडचं.

मला नडलं ते प्रॉपिलीन ग्लायकॉल. बहुतेक लिक्विडचा हा एक मुख्य घटक. तो पाणी ओढून घेतो, म्हणून तोंड आणि घसा कोरडा पडणं हे जवळपास कुणालाही होऊ शकतं, आणि वारंवार पाणी पिऊन बऱ्यापैकी आटोक्यात राहतं. ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. ती थोड्याच लोकांना असते, पण असली की थोडासा अंशही पुरतो. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीनं २०१८ साली याच पदार्थाला 'ॲलर्जन ऑफ द इयर' (त्या वर्षीचा लक्ष वेधण्याजोगा ॲलर्जीकारक पदार्थ) ठरवलं होतं, कारण तो मलमं, लोशन, सौंदर्यप्रसाधनं अशा असंख्य वस्तूंत असतो. माझ्या ओठांभोवती पुरळ उठायला लागलं तेव्हा मला आठवलं की केसांसाठीच्या मिनॉक्सिडिल लोशननंही माझी टाळू अशीच पेटत असे. त्या लोशनमध्येही हाच द्रव होता. त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीखाली त्वचेला लावून पाहण्याची चाचणी, केली आणि शंका फिटली. तुमच्या घरातल्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं एकदा वाचाच.

यावर उतारा म्हणून व्हेजिटेबल ग्लिसरीन जास्त असलेलं लिक्विड वापरतात. ते दाट आणि गोडसर, घशाला मऊ, पण काहींना कफ झाल्यासारखं वाटतं. दाट द्रव कॉइलच्या, म्हणजे व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेच्या, कापसात हळू मुरतो. कापूस कोरडा पडला की करपल्याची चव येते, आणि त्या वेळी ॲक्रोलीनसारखे झोंबणारे पदार्थ तयार होतात. तो झुरका तिथेच सोडायचा. कॉइलमध्ये निकेल असू शकतं. नकली दागिन्यांनी ज्यांची कातडी लाल होते त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मळमळ, डोकेदुखी, उचकी, गरगरणं ही निकोटीन जास्त झाल्याची खूण. निकोटीन सॉल्टच्या, म्हणजे निकोटीनमध्ये आम्ल मिसळलेल्या, लिक्विडमध्ये हे चटकन कळत नाही, कारण त्यातल्या आम्लामुळे घशाला ठसका लागत नाही आणि माणूस ओढत राहतो. युरोपीय संघानं मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. त्याहून तीव्र बाटलीला मी हात लावणार नाही.

फ्लेवरबाबत मी सर्वांत कडक आहे. खाण्यासाठी सुरक्षित म्हणजे फुप्फुसासाठी सुरक्षित, असं होत नाही. लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायॲसिटिलची वाफ श्वासातून गेल्यानं अमेरिकेतल्या पॉपकॉर्न कारखान्यांतल्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसल्या. २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी व्हेपचे ५१ फ्लेवर तपासले, त्यांतल्या ३९ मध्ये डायॲसिटिल सापडलं. दालचिनीचा स्वाद देणारं सिनॅमाल्डिहाइडही झोंबणारं आहे. त्रास सुरू झाला की गोड, मलईदार, दालचिनीचे आणि थंडाव्याचे फ्लेवर आधी बंद करा. तेल घातलेलं काहीही ओढू नका.

कारण शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी फ्लेवर, मग निकोटीनची तीव्रता, मग ग्लिसरीनचं प्रमाण. प्रत्येक बदलाला आठवडाभर द्या आणि लिहून ठेवा. सगळं एकदम बदललं की बरं वाटलं तरी कशानं वाटलं ते कळत नाही.

धाप, छातीत दुखणं, घरघर, ताप, ओठ किंवा जीभ सुजणं यांतलं काहीही झालं तर प्रयोग थांबवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. काय ओढता ते स्पष्ट सांगा, बाटली सोबत न्या. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या गंभीर दुखापतीची साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण गेले. तिचा मुख्य संबंध गांजातल्या टीएचसीच्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटशी निघाला. कुणी घरी बनवलेलं किंवा कशाचं आहे ते माहीत नसलेलं लिक्विड म्हणूनच नको.

ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्हेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतर सिगारेटमुक्त होते. त्याऐवजी निकोटीनचे पॅच (त्वचेवर लावायच्या पट्ट्या), गम वगैरे दिलेल्यांत हेच प्रमाण ९.९ टक्के होतं. घसा-तोंडाची जळजळ मात्र व्हेपवाल्यांत जास्त होती, ६५.३ टक्के. आणि सिगारेट सुटलेल्या व्हेपवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. हा आकडा मला सलतो. मी निकोटीन पायरीपायरीनं उतरवत शून्यावर आणलं, सिगारेटची तलफ परत येत नाही अशी खात्री झाल्यावरच व्हेप सोडली. तुम्हाला कुठलंच लिक्विड सोसत नसेल तर इतकं थांबायची गरज नाही. निकोटीनचा पॅच, गम, गोळ्या, किंवा सिगारेट सोडवणारं व्हॅरेनिक्लिन हे औषध, यांपैकी काय चालेल ते डॉक्टरांना विचारा. यातलं काहीच फुप्फुसातून जात नाही.