लोखंड, अॅल्युमिनियम आणि मधली पट्टी

जळगावच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गेल्या उन्हाळ्यात धडगावच्या बाजूला, नर्मदेच्या फुगवट्यात चालणाऱ्या एका लोखंडी बोटीची केबिन बदलायचं काम आलं. जुनी केबिन अॅल्युमिनियमची, लोखंडी चौकटीला बोल्टने आवळलेली. प्रत्येक बोल्टाभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि पत्रा नखाने चुरत होता. हे दोन धातू एकमेकांना टेकून ओले राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

मग थेट वेल्डिंग का नाही? अॅल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, लोखंड 1538 ला. त्यातूनही दोन्ही वितळून मिसळलेच, तर मध्ये काचेसारखा ठिसूळ थर बनतो. म्हणून स्फोटाने जोडलेली पट्टी मागवली. खाली स्टील, मध्ये शुद्ध अॅल्युमिनियम, वर मॅग्नेशियमवालं अॅल्युमिनियम. स्टीलला स्टील वेल्ड करायचं, अॅल्युमिनियमला अॅल्युमिनियम.

माझ्या मदतनिसाने पट्टी उलटीपालटी करून विचारलं, "नाना, हाई बारूदघाई जोडेल शे?" म्हणजे, हे बारुदीने जोडलंय का? मी सराफ बाजारातून सोनाराचं भिंग आणलं, पट्टीची कड पॉलिश केली आणि त्याला दाखवली. स्टील आणि अॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे बारीक लाटा होत्या, एकीमागे एक. दोन पत्र्यांत थोडी फट ठेवतात, वरच्या पत्र्यावर स्फोटक पसरतात आणि एका टोकाने पेटवतात. स्फोट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, वरचा पत्रा तिरका होत खालच्यावर आदळत जातो. त्या आदळण्याने दोन्हींवरचा ऑक्साइडचा पापुद्रा पिचकारीसारखा पुढे उडतो आणि उघडा धातू उघड्या धातूला भिडतो. हे इतक्या झटक्यात होतं की मिसळून ठिसूळ थर धरायला उष्णतेला फारसा वेळच मिळत नाही. ते पाहून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो.

आणि नेमकी तीच जोड मी बिघडवली. पट्टीचा जोड 300 अंशांच्या आसपास पोचला की थांबायचं, नाहीतर तोच ठिसूळ थर धरतो, हे मला सांगितलेलं होतं. पण पहिल्या कोपऱ्यात आर्गन वेल्डिंगने सलग टाका ओढत गेलो, मे महिन्यातलं शेड आधीच भट्टीसारखं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर छिन्नी ठेवून हातोडी मारली, तर अॅल्युमिनियम स्टीलवरून सालीसारखं सुटलं. महाग पट्टीचा दोन फुटांचा तुकडा गेला. पैशापेक्षा मला त्या लाटांचं वाईट वाटलं.

नवा तुकडा गॅसने न कापता करवतीने कापला. जोडाच्या रेषेपासून आर्क लांब ठेवली. शेजारी ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या खडूने रेघ ओढायची, चार इंच टाका घालायचा, मग समोरच्या बाजूला जायचं. खडू पाघळायला लागला की काम बंद, हात लावता येईल इतकं निवेपर्यंत. एका बाजूलाच पूर्ण दिवस गेला. गिऱ्हाइकाचे तीन फोन आले, तरी घाई केली नाही. अशा कामात घाई करणाऱ्याकडे काम देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी उरलेल्या तुकड्यावर तसाच टाका घालून पुन्हा छिन्नी लावली. या वेळी अॅल्युमिनियम वाकलं, चेपलं, फाटलंही, पण स्टील सोडलं नाही. पावसाळा सरल्यावर मी धडगावला जाऊन केबिनच्या चारी कडांवरून बोट फिरवलं. रंगाखाली कुठेही भुकटीचा फुगवटा लागला नाही.