सामान मोजता मोजता ऐकलेली सिंफनी

प्राग, रात्री उशिरा

पोरीच्या युथ ऑर्केस्ट्राबरोबर युरोप टूरवर आलोय. कार्नेटच्या यादीशी आजही सगळी वाद्यं टॅली केली, सगळी जागेवर आहेत, आता लिहायला बसलोय. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, वाद्यं परदेशात न्यायची आणि परत आणायची तर एटीए कार्नेट नावाचं पुस्तक काढावं लागतं, आपल्याकडे फिक्की ही उद्योगवाल्यांची संघटना देते, एक वर्ष चालतं. त्यात प्रत्येक व्हायोलिनचा, चेलोचा मेक, सिरीयल नंबर, किंमत सगळं लिहिलेलं. मुंबईहून निघताना पिवळ्या पानावर कस्टमचा शिक्का, इकडे युरोपात शिरताना पांढऱ्या पानावर शिक्का, जाताना परत तसंच. मधला एखादा शिक्का राहिला तर तिकडचे लोक म्हणू शकतात की माल इथेच विकला, ड्युटी भरा. माझी सगळी नोकरी भुसावळला पार्सल ऑफिसात गेली, त्यामुळे टूरला सामानाची जबाबदारी कोण घेणार असं मीटिंगमध्ये विचारलं तेव्हा मी लगेच हात वर केला. एवढ्या पोरांची वाद्यं माझ्या भरवशावर आहेत याचा मला फार अभिमान वाटतो.

निघायच्या आधी जळगावला एका लग्नात जो तो विचारत होता, काय भो, पोरं युरोप फिरायले चालली म्हणे? मी प्रत्येकाला तेच सांगितलं की फिरायला नाही, वाजवायला चालली. लोक हसून सोडून द्यायचे. त्यांचाही दोष नाही, आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला नाहीतर हळदीतला, त्यामुळे साठ-सत्तर पोरं एका सिंफनीसाठी वर्षभर दर रविवारी रिहर्सल करतात हे डोळ्यासमोरच येत नाही. म्हणून ठरवलं की इथून रोज थोडं तरी लिहायचं.

माझी पोरगी डबल बास वाजवते. व्हायोलिनपासून सुरुवात केली होती, भुसावळलाच, मग कॉलेजला पुण्याला गेली, तिथून या युथ ऑर्केस्ट्रात, आणि उंच आहे म्हणून सरांनी, म्हणजे त्यांच्या कंडक्टरनी, तिला बासकडे वळवलं, आणि ती तिथेच रमली. बास म्हणजे माणसापेक्षा उंच वाद्य, सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झची, कानापेक्षा पोटात जास्त कळते. तिच्या बो ला, म्हणजे वाजवायच्या गजाला, लावायचं रोझिन, म्हणजे राळ, व्हायोलिनवाल्यांपेक्षा मऊ आणि चिकट असतं, मे महिन्यात भुसावळला 45 डिग्रीत ते डबीत वितळून पसरतं, मग फ्रीजमध्ये ठेवायचं. आमच्या फ्रीजमध्ये लोणी, ठेचा आणि रोझिन एकाच कप्प्यात असतं, पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

तर सांगायचं म्हणजे बास विमानाने आणले नाहीत. चेलो आणले, त्यांच्यासाठी वेगळी सीट बुक करावी लागते, माणसासारखी, खिडकीजवळची, पट्टा लावून, म्हणजे इमर्जन्सीत कुणाची वाट अडायला नको. बासला तेही शक्य नाही, कार्गोत टाकायचा तर मोठी फ्लाइट केस लागते आणि तिचं भाडं ऐकूनच कमिटी गप्प झाली. म्हणून बास आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, इकडेच भाड्याने घेतले, बरेच ऑर्केस्ट्रा असंच करतात. फक्त बो आपापले. तिथेही बघावं लागतं, जुन्या बोच्या टोकाला कधीकधी हस्तिदंताची पट्टी असते आणि असा बो कस्टममध्ये अडकू शकतो, त्यामुळे सगळ्यांचे बो आधी एका कारागिराकडून तपासून घेतले.

भाड्याच्या बासची तार फळीपासून फार उंच निघाली, दाबायला जड. रिहर्सलनंतर पोरीच्या बोटांना फोड. बायकोने फोनवर पहिलं हेच विचारलं, "बोटं दुखतात का तिचे? तिले सांगजो, तेल लावून झोप म्हणा." पोरगी म्हणाली, पप्पा तेल नको, बो घसरेल.


प्राग, दुसऱ्या दिवशी

काल रात्रीच्या कॉन्सर्टबद्दल लिहायचं राहिलं होतं. एका जुन्या चर्चमध्ये होता. मुख्य आयटम द्वोर्झाक या संगीतकाराची नववी सिंफनी. माणूस इथलाच, पण ही सिंफनी त्याने अमेरिकेत असताना लिहिली आणि 1893 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजली. चार भाग, चाळीसेक मिनिटं. आणि यातली एक गोष्ट मला फार आवडते, ट्युबा हे मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या पोराला फक्त दुसऱ्या भागात काम आहे, तेही अगदी थोडे सूर, आणि झांजवाल्याला अख्ख्या सिंफनीत एकदाच, शेवटच्या भागात, एक झांज, तीही जोरात नाही. बाकी सगळा वेळ दोघं मोजत बसतात. मी मागून बघत होतो, दोन्ही पोरांचे ओठ हलत होते, बारा-दोन-तीन-चार, तेरा-दोन-तीन-चार. एवढं मोजून त्या एका ठोक्याला चुकायचं नाही. अठरा वर्षांच्या पोराला हे जमतंय हे बघून मला भरून आलं.

दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न हे फुंकायचं लाकडी वाद्य एक धून वाजवतं, जगभर गाजलेली. घरी रिहर्सलचं रेकॉर्डिंग लावलं होतं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, हा तर आपला भूप वाटून रायला. ती भजनी मंडळात गाते, तिचा कान पक्का आहे. आणि खरंच सुरुवातीची ओळ सा रे ग प ध या पाच सुरांतच फिरते. काल ती धून चर्चमध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजीने डोळे मिटून घेतले. भूप माहीत नसणाऱ्या त्या आजी आणि द्वोर्झाक माहीत नसणारी माझी बायको, दोघींना एकच सूर आतपर्यंत पोचतो याचं मला रात्रभर नवल वाटत राहिलं.

पण आज सकाळी सरांनी बसमध्ये जे सांगितलं ते महत्त्वाचं. त्या भागाच्या शेवटी तीच धून परत येते, मोजक्याच तारवाद्यांवर, आणि मध्येमध्ये तुटते, म्हणजे मुद्दाम थांबे आहेत. पुण्याच्या रिहर्सल हॉलमध्ये तो थांबा म्हणजे नुसती शांतता, कुणाची खुर्ची वाजायची तीही ऐकू यायची. इथे दगडी चर्चमध्ये आवाज कितीतरी वेळ वर फिरत राहतो, त्यामुळे थांबा रिकामा राहतच नाही, आधीचा सूर अजून विरत असतो. पोरांनी प्रॅक्टिसप्रमाणे पुढचा सूर लगेच घेतला आणि दोन्ही एकमेकांत मिसळले. सर म्हणाले, खोलीला पूर्ण बोलू द्या, मग तुम्ही बोला. मला वाटतं टूर कशाला करायची याचं उत्तर इथेच आहे. एकाच हॉलमध्ये शंभर वेळा वाजवून हे शिकता येत नाही.


नेलाहोझेवेस

आज सुट्टी होती, पोरं गावात फिरली, मी आणि पोरगी लोकल ट्रेन पकडून नेलाहोझेवेसला गेलो, प्रागच्या उत्तरेला तीसेक किलोमीटर. द्वोर्झाकचा जन्म तिथला, 1841 चा. बाप खाटीक आणि खानावळवाला. घर बाहेरूनच बघितलं, पण मला घरापेक्षा समोरून जाणारा रूळ बघायचा होता. तो लहान असताना प्राग-ड्रेस्डेन लाईन टाकायचं काम चाललं होतं आणि ती त्याच्या घराजवळूनच गेली. तेव्हापासून त्याला इंजिनांचं वेड लागलं ते आयुष्यभर. प्रागला प्रोफेसर झाल्यावरही स्टेशनवर जाऊन इंजिनांचे नंबर टिपायचा. एक किस्सा सांगतात की एकदा वेळ नव्हता म्हणून त्याने आपला विद्यार्थी सुक याला, जो पुढे जावई झाला, नंबर आणायला पाठवलं आणि तो इंजिनाऐवजी मागच्या टेंडरचा, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्याचा, नंबर घेऊन आला, मग द्वोर्झाक चांगलाच तापला. न्यूयॉर्कला गाड्या जवळून बघणं अवघड होतं तर बंदरावर जाऊन जहाजं बघायचा.

आता मी भुसावळचा माणूस, आमच्याकडे इलेक्ट्रिक लोको शेड आहे, यार्डातून निघणाऱ्या गाडीच्या आवाजावरून इंजिन कुठलं ते सांगणारी पोरं आमच्या गल्लीत आहेत. सिंफनी म्हणजे मोठ्या लोकांचं काम असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. त्या रुळाजवळ उभं राहिल्यावर ते कायमचं गेलं. एक मालगाडी आली, पोरगी म्हणाली पप्पा चौथ्या भागाची सुरुवात ऐका, दोन सूर, मग तेच जरा लवकर, मग अजून लवकर, कुणी काही म्हणो मला ती गाडी सुटताना ऐकू येते. मला माहीत नाही द्वोर्झाकच्या मनात ते होतं का, पण त्या जागेवर मलाही तेच ऐकू आलं.


ब्रनोच्या बाजूला, बसमधून

ड्रायव्हर साडेचार तास चालवल्यावर 45 मिनिटं थांबतोच, कायदाच आहे, दिवसाला साधारण नऊ तासांच्या वर गाडी चालवायची नाही. एक-दोन पालकांना घाई होती. मी म्हटलं थांबू द्या, आमच्या लोको पायलटचे तास पण असेच मोजले जातात आणि ते मोजावेच लागतात.

कालचा हॉल एका छोट्या गावातलं सांस्कृतिक केंद्र, खाली कार्पेट, भिंतीला जाड पडदे. चर्चच्या बरोबर उलटं, सूर निघाला की जागीच संपला. आता पोरांना थांबे लांबवायची गरज नव्हती पण सूर जास्त वेळ धरून ठेवायची होती, आणि दुपारच्या अर्ध्या तासाच्या रिहर्सलमध्ये त्यांनी ते आपापसात ठरवलं, सर बाजूला उभे. कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांची म्होरकी, मुलगी सोलापूरची आहे, सतरा वर्षांची, ती फक्त श्वास घेते आणि सगळे व्हायोलिन एकदम उचलतात. दौरा सुरू झाला तेव्हा सगळे सरांच्या काठीकडे बघायचे. आता एकमेकांकडे बघतात.


व्हिएन्ना

आज सकाळी म्युझिकफेराइन हे इथलं नावाजलेलं संगीतगृह बघितलं. 1870 मध्ये उघडलेली इमारत, आतला गोल्डन हॉल सुमारे 49 मीटर लांब, 19 रुंद, 18 उंच, लांबट खोक्यासारखा, आणि याच आकारामुळे आवाज बाजूच्या भिंतींवरून ऐकणाऱ्याकडे येतो असं गाईडने समजावलं. दर 1 जानेवारीचा नववर्षाचा कॉन्सर्ट इथूनच जगभर दाखवतात, आणि मुंबईत 1936 ला जन्मलेले झुबिन मेहता यांनी तो पाच वेळा कंडक्ट केलाय, पहिल्यांदा 1990 ला. ते 1954 मध्ये शिकायला इथे आले होते. त्यांचे वडील मेहली मेहता, त्यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी सुरू केली होती. आमची पोरं तिथे वाजवणार नव्हती, नुसती बघणार होती, तरी एकानेही मोठ्याने बोलून बघितलं नाही. बासवाले चौघं खाली वाकून लाकडी फरशीत बासच्या खालच्या टोकदार पिनांची भोकं दिसतात का ते शोधत होते.

संध्याकाळी शेवटचा कॉन्सर्ट, एका शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये. ट्यूनिंग इकडे जरा वर असतं, 440 हर्ट्झऐवजी 442-443, तारवाल्यांना काही नाही पण आपल्याकडून आलेल्या बासरीवाल्या मुलीला सुरुवातीला फार त्रास झाला, आज ती एकदम बरोबर होती.

दुसऱ्या भागाचा शेवट फक्त बासचा आहे. सगळे थांबतात आणि चौघा बासवाल्यांमध्ये सूर वाटून दिलेले, एकेकाकडे एक सूर, अगदी हळू. त्यातल्या एकानेही बो जरा दाबला तर बाकी तिघांचं बुडतं. प्रागला एक सूर जास्त आला होता, ब्रनोकडे एक जण आधी थांबला होता. आज चौघांनी बो एकत्र सुरू केला, एकत्र थांबवला, मी स्टेजच्या कडेला उभा होतो, भाड्याच्या बासवर फोड आलेल्या बोटांनी माझ्या पोरीने तो सूर धरला आणि मला कळलं की एवढे पैसे, एवढी रजा, एवढे शिक्के कशासाठी होते. याला फिरणं म्हणायचं असेल तर म्हणा.

कॉन्सर्टनंतर भाड्याचे बास न्यायला माणूस आला. पोरीने पुसून, रोझिनची पूड काढून दिला. मग जेवताना सरांनी व्हेनेझुएलाची गोष्ट सांगितली, 1975 मध्ये काराकासला आब्रेऊ नावाच्या माणसाने एका गॅरेजमध्ये 11 पोरांना घेऊन ऑर्केस्ट्रा सुरू केला, त्यातून देशभर ऑर्केस्ट्रा झाले, आणि 2007 ला त्यांचा युथ ऑर्केस्ट्रा लंडनच्या प्रॉम्स या मोठ्या संगीत महोत्सवात वाजवून आला. ऐकल्यापासून डोक्यात एकच चाललंय. भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार, आमच्या अख्ख्या खान्देशात एखाद्या पोराला बास शिकायचा तर हातात धरायला वाद्यच नाही. शिकवायला माझी पोरगी सुट्टीत तयार आहे, जागा मी बघतो. जुने लोक सांगतात, भुसावळला अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्यांचे डान्स व्हायचे, बँड असायचा, तेव्हा कुठल्या तरी घरात, चर्चमध्ये नाहीतर गोडाऊनमध्ये एखादा जुना बास पडलेला असू शकतो. फुटलेला असला तरी चालेल, जोड उघडले असतील, तारा नसतील तरी चालेल, दुरुस्तीचा खर्च माझा. कुणाच्या पाहण्यात असेल तर सांगा, मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतो.