न्यू जर्सीतली मिल्कवीड: ओल्या मातीला एक, कोरड्या मातीला दुसरी

जून महिन्यात मध्य न्यू जर्सीतल्या कुठल्याही नर्सरीत गेलात की गर्द नारिंगी फुलांच्या कुंड्या पुढेच मांडलेल्या दिसतात. ती मिल्कवीडचीच एक जात, बटरफ्लाय वीड, म्हणजे अ‍ॅस्क्लेपिअस ट्युबरोझा. मागच्या रांगेत, अजून फूल न आलेली, उंच आणि जरा किडकिडीत रोपं असतात. ती स्वॉम्प मिल्कवीड, अ‍ॅस्क्लेपिअस इन्कार्नाटा. बहुतेक जण नारिंगी कुंडी उचलतात, आणि एडिसन-पिस्कॅटवे भागातल्या घरांत ती पुढच्या उन्हाळ्यात उगवतच नाही. दोष थंडीचा नसतो, मातीचा असतो.

दोन्ही झाडं इथलीच, आणि आपल्या रुईच्या कुळातली. रुई पाहिलेल्या माणसाला फुलांची ती मुकुटासारखी ठेवण लगेच ओळखू येते, आणि शेंग तडकली की उडणाऱ्या म्हाताऱ्याही. रुईवर जशा बिबळ्या कडवा फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तशा मिल्कवीडवर मोनार्कच्या वाढतात. मोनार्कची अळी दुसरं काहीच खात नाही, म्हणून इथे परसात मिल्कवीड लावायची एवढी धडपड असते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मोनार्कला संकटग्रस्तांच्या यादीत घालायचा प्रस्तावही मांडला.

आता मुख्य फरक, तो जमिनीखाली आहे. बटरफ्लाय वीडला खोल जाणारं जाड सोटमूळ असतं. त्याच्या जोरावर ती दुष्काळात तग धरते, पण हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं की तेच मूळ कुजतं. स्वॉम्प मिल्कवीडची मुळं पांढरी, मांसल आणि झुबकेदार असतात. तळ्याकाठच्या, सतत ओल्या मातीत ती खुशाल राहतात आणि चिकणमातीही चालवून घेतात. दक्षिण जर्सीत पाइन बॅरन्सच्या बाजूला वाळूमिश्रित माती आहे, तिथे बटरफ्लाय वीड विनातक्रार येते. मध्य जर्सीत बऱ्याच ठिकाणी तांबडी, चिकट माती, त्यात घर बांधताना यंत्रांनी दाबून घट्ट केलेली. तिथे आमचं मत स्पष्ट आहे: आधी स्वॉम्प मिल्कवीड लावा.

खात्री करायची तर एक फूट खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, पूर्ण जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी तासाला एक इंचापेक्षा कमी पाणी उतरलं तर निचरा वाईट. अशा जागी बटरफ्लाय वीड हवीच असेल तर आठ-दहा इंच उंच वाफा करा किंवा उतारावर लावा. खड्ड्यात नुसती वाळू ओतू नका. भोवतीच्या चिकणमातीतलं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं.

दोघींनाही ऊन हवं, किमान सहा तास. स्वॉम्प मिल्कवीड थोडी सावली सोसते, बटरफ्लाय वीड सावलीत आडवी पडते. स्वॉम्प तीन ते पाच फूट उंच होते, म्हणून दोन रोपांत दोन-अडीच फूट सोडा आणि तिला मागे ठेवा. छपराचं पाणी जिथे उतरतं तो सखल भाग तिला उत्तम. बटरफ्लाय वीड दीड-दोन फुटांवर थांबते. पायवाटेच्या कडेला, दीड फुटावर एक. रासायनिक खत दोघींनाही देऊ नका. नायट्रोजन जास्त झाला की कोवळी वाढ फोफावते आणि मावा धावून येतो. स्वॉम्पला वसंतात दोन इंच कंपोस्ट पुरे, आणि ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यांत भरपूर पाणी द्यायला विसरू नका, नाहीतर खालची पानं पिवळी पडून गळतात. बटरफ्लाय वीडला पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी, पुढे जवळपास नाहीच. ओल टिकवायला लाकडाचा भुसा पसरलात तर तोही बुंध्यापासून तीन इंच दूर ठेवा.

बियांपासून करायचं तर त्यांना आधी थंडी दाखवावी लागते. कागदी रुमाल ओला करून घट्ट पिळा, त्यात बी गुंडाळा, झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. स्वॉम्पला ३० दिवस, बटरफ्लायला ३० ते ६०. पिशवीवर नाव-तारीख ठळक लिहा. फ्रिजमधली अनोळखी पुडी पाहुणी आलेली आई पहिल्याच सफाईत फेकून देते. मार्चच्या मध्यावर बी काढून पाव इंच खोल पेरा आणि २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवा, म्हणजे साधारण एक-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. बटरफ्लाय वीडसाठी पाच इंच तरी खोल कुंडी घ्या. सोटमूळ तळाला टेकून गुंडाळलं गेलं की रोप पुढे कायम खुरटं राहतं, म्हणून चार-सहा पानं आली की, थंडीचा कडाका सरल्यावर मेमध्ये, थेट कायमच्या जागी लावा. नंतर हलवायची नाही. स्वॉम्पचा जुना गड्डा वसंतात फाळून वेगळा करता येतो. या सगळ्याचा कंटाळा असेल तर नोव्हेंबरात मोकळ्या मातीवर बी टाकून पायाने दाबा. हिवाळाच फ्रिजचं काम करतो. स्वॉम्पला फुलं बहुधा दुसऱ्या वर्षी, बटरफ्लायला दोन-तीन वर्षं.

एक इशारा. दोन्ही झाडं वसंतात फार उशिरा जागी होतात, मे उजाडला तरी जमीन रिकामी दिसते. मेली समजून लोक तिथे टोमॅटोसाठी खणतात आणि मूळ तोडून टाकतात. शरद ऋतूतच काठी रोवून खूण ठेवा.

उपयोगातही फरक आहे. अळ्यांसाठी स्वॉम्प सरस. तिची पानं मऊ, चीक भरपूर, आणि मोनार्कची मादी अंडी घालायला ती पटकन निवडते. बटरफ्लाय वीडची पानं खरखरीत, लवदार, आणि तिच्यात पांढरा चीक जवळपास नसतोच. अंडी तिच्यावरही दिसतात, पण कमी. तिची कमाई मकरंदात आहे: जून-जुलैत मधमाश्या, भुंगे, स्वॅलोटेल फुलपाखरं अशी झुंबड तिच्यावर असते. जूनच्या मध्यावर स्वॉम्पच्या काही फांद्या एक तृतीयांश छाटल्या तर ऑगस्टमध्ये कोवळी पानं मिळतात, आणि सप्टेंबरात जर्सीच्या दक्षिण टोकावरच्या केप मेवरून मेक्सिकोकडे निघणारी मोनार्कची पिढी त्याच पानांवर वाढते. छाटण्यापूर्वी पानांच्या मागे अंडी नाहीत ना, ते पाहा.

पिवळाधमक मावा दोन्हींवर हमखास येतो. आपल्याकडे कण्हेर आणि रुईवर येतो तोच. नळाच्या जोरदार फवाऱ्याने धुवा किंवा बोटांनी चिरडा. साबणाचं पाणी आणि कडुलिंबाचं तेल आपल्या हाताशी असतं, पण ते अळीलाही मारतं, तेव्हा इथे नको. रोप विकत घेताना निओनिकोटिनॉइड वापरलंय का ते विचारा. हे कीटकनाशक पानांत मुरतं आणि अळ्या खाता खाता मरतात. चीक असलेला हात डोळ्याला लावू नका, बुबुळाला इजा होते. छाटणीनंतर लगेच हात साबणाने धुवा.

नर्सरीत लाल-पिवळ्या फुलांची तिसरीही दिसेल, ट्रॉपिकल मिल्कवीड. ही आपली हळदीकुंकू, अ‍ॅस्क्लेपिअस कुरासाविका, मूळची उष्ण अमेरिकेतली. जर्सीत ती पहिल्या कडक थंडीत मरते. फ्लोरिडा-टेक्सासमध्ये मात्र ती वर्षभर हिरवी राहते, तिच्या पानांवर मोनार्कचा एक परजीवी साठत जातो आणि फुलपाखरं स्थलांतर सोडून तिथेच रेंगाळतात. तिकडे राहणाऱ्यांनी ती लावू नये, आणि असलीच तर हिवाळ्याआधी जमिनीलगत कापावी.

सप्टेंबर-ऑक्टोबरात शेंगा तपकिरी होऊ लागल्या की त्यांच्याभोवती रबरबँड लावा, म्हणजे शेजाऱ्याच्या हिरवळीवर म्हाताऱ्या उडून जाणार नाहीत. बी तपकिरी असेल तरच पक्व. पांढरं असेल तर शेंग अजून राहू द्या. हे बी सामानात घालून भारतात मात्र नेऊ नका. बियांना आयात परवाना लागतो, आणि फुलपाखरांसाठी तिथे रुई आहेच.