होकाराची मुदत

नव्या गोष्टीला होकार देताना आपण तिच्या मुख्य वेळेचाच विचार करतो आणि तिच्या आगेमागे लागणारा वेळ हिशेबात धरत नाही. ठाण्यात पावसाळ्यात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की ओळखीतले कोणीतरी विचारतेच, "यंदा येतेस का वाजवायला?" त्या क्षणी विचारणारीच्या आणि ऐकणारीच्या, दोघींच्याही डोळ्यांपुढे फक्त मिरवणूक असते. प्रत्यक्षात कमरेला बांधलेल्या ढोलाचे वजन पेलत तासभर उभे राहणे, एका हाताने थापी आणि दुसऱ्या हातातल्या टिपरूने ठोका सांभाळणे, बोटांवरचे फोड वाळेपर्यंत कळ सोसणे आणि सैल पडलेल्या ढोलाच्या दोऱ्या पुन्हा ताणून बांधणे, यांत कित्येक संध्याकाळी जातात. त्या आनंदाच्याच असतात; पण त्या कोणत्या कामातून काढायच्या, हे होकार देण्याआधी ठरलेले बरे.

हा केवळ आपल्या उत्साही स्वभावाचा दोष नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिले होते की, स्वतःच्या कामाला लागणारा वेळ माणूस कमी धरतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पूर्ण होईल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले. पुढे २००५ मध्ये झाउबरमन आणि लिंच या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मांडली, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते: पुढच्या महिन्यात हाती जास्त पैसे असतील असे आपण फारसे मानत नाही, परंतु जास्त वेळ असेल असे मात्र खुशाल मानतो. म्हणूनच दोन महिन्यांनंतरच्या गोष्टीला तोंडातून पटकन "हो" जाते.

यावर मला पटलेला उपाय असा, की पहिला होकार एकाच खेपेपुरता द्यावा आणि तो मनापासून द्यावा. ऐरोलीहून ठाणे खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायला जाणे हे याचे उत्तम उदाहरण आहे. २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या या खाडीत होडी भरतीच्या वेळा पाहून सुटते, आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे तास-दीड तासाच्या फेरीसाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा लागतो. तो एकदा नीट मोकळा ठेवला, की कांदळवनाच्या कडेने जाताना फोनकडे लक्ष जात नाही. पक्षीनिरीक्षणाच्या गटात नाव घालणे, दर रविवारी पहाटे निघणे आणि नोंदी ठेवणे ही निराळी जबाबदारी आहे. तिचा विचार घरी परतल्यावर, आठवड्याने करावा.

खरी कसोटी लागते ती सोसायटीच्या गणेशोत्सवात, कारण तिथे भीड आडवी येते. आरासीला हातभार लावायला गेलेल्या माणसाच्या हाती पावतीपुस्तक कधी येते आणि वर्गणीचा हिशेब त्याच्या गळ्यात कधी पडतो, ते कळतही नाही. अशा वेळी गुळमुळीत "बघू या" म्हणणे मला सर्वांत वाईट वाटते, कारण समोरचा माणूस ते होकार म्हणूनच धरतो आणि दुसरे कोणी शोधत नाही. त्यापेक्षा, "काका, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मी मखराच्या कामाला नक्की येईन, पण हिशेबाची वही यंदा मला जमणार नाही," असे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. काकांना थोडे वाईट वाटते, पण वही कोणाकडे द्यायची हे ठरवायला त्यांना चतुर्थीपर्यंत पुरेसे दिवस मिळतात.